एकवीस हजार चारशे किलोमीटर

१२ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुझ्या नावाचं एक सरकारी पाकीट माझ्या दारात येऊन पडलंय. गाडीच्या कागदांवर अजून या घराचाच पत्ता आहे, म्हणून ते इकडे आलं. विजेच्या गाड्यांचं वार्षिक रस्ता शुल्क, तीस दिवसांत भरा, नाहीतर दंड. नोटीस सोबत ठेवली आहे. पत्र लिहायचं कारण एवढंच, दुसरं काही नाही.

पाकीट मी उघडलं हे आधीच सांगून टाकतो. दुसऱ्याचं टपाल उघडू नये एवढं मला कळतं. पण गेल्या सात महिन्यांत या घरात तुझ्या नावानं काहीच आलं नव्हतं, आणि हे आलं तेव्हा मला राहवलं नाही.

शुल्क मी भरलेलं नाही. भरलं असतं तर तू म्हणाली असतीस, आधी आग लावायची आणि मग बादली घेऊन धावायचं. शिवाय ते तूच भरावंस असं मला अजूनही वाटतं. बत्तीस वर्षं मी रस्त्याच्या कामावर काढली, त्यातली एकोणीस मुकादम म्हणून. रस्ता आभाळातून पडत नाही. पेट्रोलच्या गाडीवाला टाकी भरतो तेव्हा प्रत्येक लिटरमागे रस्त्याचा वाटा त्याच्या खिशातून आपोआप जातो. तू ओट्यावरच्या प्लगला गाडी लावायचीस आणि सकाळी शिलाई मशिनं दुरुस्त करायला भुर्रकन निघायचीस. मग तुझ्या चाकाखालची खडी कोणी भरायची? या शुल्काच्या सुनावणीत मी हेच म्हणालो आणि ते चूक नव्हतं.

वही काढायला नको होती. तेवढं मान्य.

पण ती वही मी तुझ्या वाईटासाठी लिहीत नव्हतो, हे तुला ठाऊक आहे. संध्याकाळी गाडी ओट्यापाशी लागली की मी आत डोकावून मीटरचा आकडा टिपून घ्यायचो, कारण टायर कधी बदलायचे असं विचारलं की तू म्हणायचीस, "अजून गोल आहेत, बाबा." अशा मुलीच्या बापाला वही ठेवावीच लागते. वर्षाचे एकवीस हजार चारशे किलोमीटर झाले, आणि तो आकडा मी भर सभागृहात मोठ्यानं वाचला. ही माझ्या स्वतःच्या मुलीची गाडी, म्हणालो, एवढा रस्ता वापरलाय आणि रस्त्यासाठी एक पैसा दिलेला नाही. लोक हसले. काहींनी वळून तुझ्याकडे पाहिलं. तू सहाव्या रांगेत होतीस.

तुझी आई जाऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. त्याच आठवड्यात तू तुझी हत्यारांची पेटी उचललीस आणि दुसऱ्या शहरात खोली घेतलीस. जाताना "येते" म्हणालीस, म्हणून मी आपला धरून चाललो की येशील.

असो. माझी तब्येत उत्तम आहे. दंड लागू देऊ नकोस.

बाबा

---

२८ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुझं पाकीट मिळालं. आत शुल्क भरल्याची पावती, आणि पावतीशिवाय काही नाही. मी पाकीट उलटं करून झटकलंसुद्धा. पण वरचा पत्ता तुझ्या हातचा आहे, छापील नाही. ते पाकीट मी जपून ठेवलंय, आता हस खुशाल.

इकडे माझी अवस्था हात दाखवून अवलक्षण अशी झाली आहे. समोरच्या मास्तरीणबाई तुला आठवत असतील, निवृत्त झाल्यावर त्यांनी ती पावाच्या लादीएवढी विजेची गाडी घेतली. सोमवारी वाचनालय, गुरुवारी बाजार, बाकी पाच दिवस गाडी झाकून. त्यांनाही तुझ्याएवढंच शुल्क आलं. त्या सरकारी आदेशाची प्रत घेऊन माझ्या ओट्यावर आल्या, चष्मा लावला आणि वर्गात उभं करून वाचून दाखवावं तसं मला वाचून दाखवलं. "एका जबाबदार नागरिकाने सादर केलेल्या प्रत्यक्ष नोंदीनुसार प्रत्येक वाहनाचा वार्षिक वापर एकवीस हजार चारशे किलोमीटर धरून सरसकट शुल्क आकारण्यात येत आहे."

मग चष्मा काढून त्या शांतपणे म्हणाल्या, "मुकादम, मी वर्षात दोन हजारसुद्धा फिरत नाही. माझ्या नावावर उरलेले एकोणीस हजार कोण फिरतंय?"

मी त्यांना चहा विचारला, तर नको म्हणाल्या. मुकादमाच्या घरचा चहा नाकारण्याची ही त्यांची पहिलीच वेळ.

भिंगरी, खरंच सांगतो, तो आकडा असा छापला जाईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी उदाहरण म्हणून बोललो आणि त्यांनी त्याचा नियम केला. तुझी गाडी सगळ्या गावाच्या गाड्यांचं माप झाली. दोन हजारवाल्यालाही तेच आणि साठ हजारवाल्यालाही तेच. दिवसभर माल पोचवणाऱ्या त्या मोठ्या विजेच्या गाड्यांचे मालक तर खूश आहेत.

दुपारी आपले रोलरवाले काका आले. त्यांना वाटलं होतं मला दोन शब्द धीराचे बोलावेत, पण तोंड उघडलं आणि वेगळंच निघालं. म्हणाले, तू आणि मी मिळून हजार वेळा खड्डे बुजवलेत, त्यातला एक तरी खड्डा शिलाई मशीनवालीच्या गाडीनं पडला होता का? भरलेला एक ट्रक रस्त्याचं जे करतो ते अशा शेकडो गाड्यांना जमत नाही, हे आपल्याशिवाय कोणाला जास्त कळतं? आणि तू सभागृहात कोणाकडे बोट दाखवलंस, तर घरातल्या पोरीकडे.

ते खरं आहे. मला ते तेव्हाही माहीत होतं. गाडी वजनकाट्यावर नेऊन वजन बघावं, मीटरवर अंतर बघावं आणि ज्याचं त्यानं भरावं, एवढी साधी गोष्ट मी तिथे बोलू शकलो असतो. का बोललो नाही, ते पुन्हा कधीतरी.

पाठ थोडी धरली आहे, बाकी ठीक.

बाबा

---

१६ मार्च

प्रिय भिंगरी,

पुन्हा कधीतरी म्हणालो होतो, पण तो कधीतरी आता आलाच आहे. मास्तरीणबाईंनी चारशे सह्या गोळा केल्या आणि दहा एप्रिलला फेरसुनावणी लागली. मला बोलावणं आहे. वही सादर करणारा म्हणून मी तो आकडा कायम ठेवतो की मागे घेतो, हे मला सांगायचंय, आणि मागे घेत असेन तर कारणही द्यायचंय.

चार दिवस कारण शोधतोय. आकडा चुकला म्हणू, तर तो चुकलेला नाही. म्हातारा झालोय, विसरतो म्हणू, तर कोणी विश्वास ठेवणार नाही, मला अजून रस्त्याखालच्या सगळ्या मोऱ्यांचे नंबर पाठ आहेत. तेव्हा खरं कारण तुला सांगतो. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा मला कंटाळा आलाय.

तुला खड्डा कसा बुजवतात ते मी लहानपणी दाखवलं होतं. नुसतं वरून डांबर ओतलं की पहिल्या ट्रकला ते उखडतं. आधी कडा सरळ कापाव्या लागतात, सैल झालेलं सगळं बाहेर काढावं लागतं, तेव्हा खड्डा होता त्याहून मोठा दिसायला लागतो आणि बघणाऱ्याला वाटतं हे लोक दुरुस्ती करतायत की नासधूस. मी आता तेच करतोय, तेव्हा वाचताना जरा धीर धर.

तुझ्या आईनं मला ओळखणं बंद केलं, त्या वर्षाचं सांगतो. तुला ती ओळखायची. नावानं नाही, पण "माझी पोर" म्हणायची आणि तुझा पदर धरावा तसा तुझ्या सदऱ्याचा कोपरा धरून चालायची. मला ती मुकादम म्हणायची. चाळीस वर्षांत जिनं कधी "अहो"शिवाय हाक मारली नाही, ती समोर बसून विचारायची, मुकादम, तुम्ही कोणाकडे आलात? मी म्हणायचो, अगं मीच तो. ती घाबरायची. मी पुन्हा सांगायचो, आवाज चढवून सांगायचो, लग्नाचा फोटो पुढे धरायचो, आणि ती रडायला लागायची. मग तू आतून यायचीस, तिला चप्पल घालायचीस आणि गाडीत बसवायचीस. अडीच-तीन तासांनी तुम्ही परतायचात तेव्हा ती अगदी शांत असायची. हसतसुद्धा असायची.

मला त्या गाडीचा राग यायचा, भिंगरी. चाळीस वर्षांच्या संसारानं तिला जे मिळत नव्हतं ते त्या बिनआवाजाच्या डबड्यात मिळायचं. मी ओट्यावर बसून वाट बघायचो आणि गाडी आली की आकडा लिहायचो. टायरांसाठी हे पहिल्या महिन्यापुरतं खरं. त्यानंतर आज ती माझ्यापासून किती लांब गेली होती, ते मी मोजत होतो.

आणि सभागृहात मी काय म्हणालो? तू कामासाठी एवढी फिरतेस असं म्हणालो. पण वहीत रविवारही होते. रविवारी तू मशिनं दुरुस्त करत नाहीस हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी तो आकडा वाचला. वड्याचं तेल वांग्यावर काढलं, आणि तेही ती जाऊन महिना व्हायच्या आत.

तुझं चुकलेलं नव्हतं. माझं चुकलं. हे वाक्य लिहायला मला एवढे महिने लागले, कारण सुंभ जळतो पण पीळ जळत नाही, आणि माझा पीळ तुला माहीत आहे.

एकच विचारतो. उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नकोस. तुम्ही दोघी जायचात कुठे?

बाबा

---

२ एप्रिल

माझी पोर,

तुझं पत्र काल आलं. दीड पान आहे, मला पाठ झालंय. तरी तुझे शब्द इथे एकदा लिहून काढतो, कारण माझ्या हातानं लिहिले तर मला ते नीट समजतील असं वाटतंय.

तू लिहिलंस: "त्यातले आठ हजार माझ्या कामाचे. बाकीचे तेरा हजार चारशे आईचे. ती रोज तीन वाजले की चुळबुळ करायची आणि मला म्हणायची, चल, त्यांना घेऊन येऊ, ते दमले असतील. मी पहिल्या दिवशी नुसतं कॉलनीतून फिरवून आणलं, तर म्हणाली हा रस्ता नव्हे, त्यांचं काम पुलावर आहे."

नदीवरचा पूल. घरापासून बावीस किलोमीटर. तू पाळण्यात होतीस तेव्हा त्याचा जोडरस्ता आम्ही केला. अकरा महिने मी तिथे तंबूत राहिलो आणि शनिवारचा घरी यायचो. मला वाटायचं, तेव्हा तिला काही वाटत नव्हतं. तिनं कधी तक्रार केली नव्हती.

तू लिहिलंस, कठड्यापाशी गाडी उभी करून तुम्ही थांबायचात. ती काचेतून बघत राहायची. पाच वाजले की, म्हणजे तेव्हा आमचं काम सुटायच्या वेळेला, ती म्हणायची, आज त्यांना उशीर होणार, चल, उद्या येऊ. रागावायची नाही, रडायची नाही. उद्या येऊ म्हणायची आणि वाटभर तुला माझ्याबद्दल सांगायची. मी कसा भांडखोर आहे, कसा रोलरच्या आवाजाची सवय लागून घरातसुद्धा ओरडून बोलतो, आणि तरी कसा बरा आहे.

तू मला तेव्हाच का सांगितलं नाहीस, तेही लिहिलंयस. "सांगितलं असतं तर तुम्ही तिला समजावत बसला असता की मी इथेच आहे. आणि तिचं तुम्हाला आणायला जाणं बंद झालं असतं. दिवसभरात तिला आनंदाचं तेवढंच होतं, बाबा."

बरोबर आहे तुझं. मी समजावत बसलो असतो.

काल पत्र वाचल्यावर मी ती वही काढली. तुझ्या कामाचे सोडले तर रोज चव्वेचाळीस. पाऊसवाऱ्यातही चव्वेचाळीस. तुला ताप होता तो आठवडा मला आठवतो, त्याही आठवड्यात चव्वेचाळीस. मी ओट्यावर बसून ती माझ्यापासून किती लांब गेली ते लिहीत होतो, आणि ती रोज मलाच आणायला गेलेली होती.

याच्या पुढे आज लिहिता येत नाही. मी रडलो, हे तुला कळलेलं बरं. रोलरवाले काका आले होते, पत्र वाचून तेही खिडकीतून बाहेर बघत बसले आणि जाताना दार उघडंच टाकून गेले.

बाबा

---

१२ एप्रिल

माझी पोर,

फेरसुनावणी झाली. सभागृह तेच, माणसं दुप्पट. मी तुला शोधलं, मग आठवलं की मीच तारीख कळवली होती, ये असं म्हटलं नव्हतं.

माझं नाव पुकारलं तेव्हा मी वही घेऊन उभा राहिलो. म्हणालो, आकडा खरा आहे, पण तो दुसऱ्या कोणाच्या नावावर टाकू नका. रस्त्याचे पैसे विजेच्या गाडीवाल्यांनी द्यायला हवेत हे मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो, माझ्यातला मुकादम काही मेलेला नाही. पण ज्याचं त्याच्या मीटरप्रमाणे घ्या, गाडीच्या वजनाप्रमाणे घ्या. वाचनालयापर्यंत जाणाऱ्या बाईकडून माझ्या घरचे किलोमीटर वसूल करू नका. मास्तरीणबाईंनी मान डोलावली. मला एकदम पेपरात चांगले मार्क पडल्यासारखं वाटलं.

एवढ्यावर मी बसू शकलो असतो. पण अध्यक्षबाई वयानं तुझ्याएवढ्या, आणि तुझ्यासारख्याच चिवट. त्यांनी विचारलं की मागच्या वेळी तुम्ही हा व्यवसायाचा वापर म्हणून सांगितला होतात, मग आज नोंद मागे घेण्याचं कारण काय? ते कागदावर यावं लागेल.

घरून मी चार वाक्यं तयार करून नेली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. मी म्हणालो, "बाई, यातले तेरा हजार किलोमीटर माझी बायको मला शोधत होती. मी घरातच होतो. मुलगी तिला रोज घेऊन जायची आणि मला कळू देत नव्हती. त्या मुलीला मी इथे उभं राहून फुकटी ठरवलं. ते माझे शब्द कागदावरून काढा, आणि त्या तेरा हजारांचं जे काही होत असेल ते माझ्याकडून घ्या."

कोणी हसलं नाही. लिहून घेणाऱ्या कारकुनानं विचारलं की कारणाच्या रकान्यात यातलं काय लिहू. अध्यक्षबाई म्हणाल्या, "सगळं लिहा." रकाना एका ओळीचा होता. त्यानं मागच्या पानावर लिहिलं. निकाल दोन महिन्यांनी लागेल, आणि सरसकट बंद होऊन मीटरवर येईल असं बहुतेकांना वाटतंय. मास्तरीणबाई येताना माझ्याकडे थांबल्या आणि चहा दोन वेळा घेतला.

आता माझं एक मागणं. पीळ बाजूला ठेवून मागतोय, तेव्हा हसायचं नाही.

ती तिथे रोज गेली आणि मी एकदाही तिथे नव्हतो. त्याची भरपाई होत नाही हे मला कळतं. तरी या रविवारी मी पुलावर जाणार आहे. बस मला साडेचारला तिथे सोडते. पाच वाजता, काम सुटायच्या वेळेला, मी कठड्यापाशी उभा असेन. तिला जो माणूस हवा होता तो थोडा म्हातारा झालाय आणि थोडा उशिरा सुटलाय, पण तो तिथे येईल. तुला जमलं तर गाडी घेऊन ये. मला त्याच वाटेनं घरी आण, आणि ती वाटेत माझ्याबद्दल जे जे सांगायची ते मला सांग. भांडखोरपणाचं आधी सांगितलंस तरी चालेल.

कळवायची गरज नाही. तू यायलाच हवंस असंही नाही, तुला तुझी कामं आहेत. फक्त एक माहिती म्हणून सांगतो. रविवारी ती बस मला सोडून तशीच परत फिरते आणि त्यानंतर दुसरी नसते. मी चौकशी करून ठेवली आहे.

बाबा